विरहाची वाणी

इतिहासाचीं साधनें म्हणून आपण जे कागद जतन करून ठेवले, त्यांत तहनामे आहेत, सनदा आहेत, जमाखर्चाचे ताळेबंद आहेत आणि मुत्सद्द्यांचीं राजकारणी पत्रें आहेत. राजवाडे, वासुदेवशास्त्री खरे, सरदेसाई यांच्यासारख्या विद्वानांनीं आयुष्यें वेंचून हे कागद उजेडांत आणले, म्हणूनच मराठ्यांच्या मोहिमांची आणि मसलतींची आपणांस इतकी बारीक माहिती आहे. परंतु मोहिमेवर गेलेल्या पुरुषानें घरीं राहिलेल्या आपल्या प्रिय माणसास जिव्हाळ्याचे चार शब्द कोणते लिहिले, आणि तिनें त्यास काय उत्तर दिलें, हा प्रश्न घेऊन या दप्तरांकडे गेलें, तर हातीं फारच थोडें लागतें. त्या काळीं माणसें एकमेकांपासून दूर जात नव्हतीं असें नाहीं. उत्तरेंत उतरलेल्या फौजा वर्षानुवर्षें घराबाहेर असत. प्रीति नव्हती असें तर कोणीच म्हणणार नाहीं. मग पत्रें कोठें गेलीं?

या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें म्हणजे असें दिसतें, कीं प्रेमपत्रास प्रेम आणि अंतर एवढ्या दोनच गोष्टी पुरत नाहींत. ज्या हातांत तें पडावयाचें त्या हातास अक्षरओळख हवी. दुसऱ्या कोणाच्या नजरेखालून न जातां तें त्या हातापर्यंत पोंचविणारी टपालाची सोय हवी. आणि मिळालेल्या पत्रास आपल्या मनाजोगें उत्तर लिहिण्याचा स्त्रीचा अधिकार घरानें व समाजानें मानलेला हवा. या तीनही गोष्टी मराठी मुलुखांत एकत्र आल्या त्या विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशींत, आणि त्याही सर्व ठिकाणीं नव्हे. ज्या थोड्या घरांत त्या एकत्र आल्या, तेथें एक विलक्षण गोष्ट घडली. विरह ही आपल्या वाङ्मयांत तोंवर केवळ दुःखाची अवस्था होती. ती स्त्रीच्या वाणीची पाठशाळा झाली. जें एका छपराखालीं बोलतां येत नव्हतें, तें दुराव्यामुळें लिहितां येऊं लागलें. नांदेड जिल्ह्यांतील मुखेडसारख्या गांवीं बसून या गोष्टीचा विचार करतांना तिची दुसरी बाजूही डोळ्यांआड करतां येत नाहीं. शेजारच्याच मुलुखांत जें घडलें तें येथें घडावयास फार काळ लागला, आणि त्याचें कारण माणसांच्या अंतःकरणांत नसून राज्यव्यवस्थेंत होतें.

विरहिणी आपल्या वाङ्मयास नवी नाहीं. सातवाहनांच्या काळीं हाल राजाच्या नांवानें ज्या सातशें गाथा संकलित झाल्या, त्यांत प्रवासास गेलेल्या पथिकाचीं आणि त्याची वाट पाहणाऱ्या स्त्रीचीं चित्रें पानोपानीं आहेत. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत जीव विरहिणी होऊन परमेश्वराची आळवणी करतो. पेशवाईंतील शाहिरांच्या लावण्यांत तर परगांवीं गेलेल्या पतीची वाट पाहणारी स्त्री हा एक ठरलेलाच विषय आहे. परंतु विराण्या काय किंवा लावण्या काय, स्त्रीच्या मुखांतून जे शब्द येतात ते पुरुषानें तेथें घातलेले आहेत. रामजोशी किंवा होनाजी यांच्या नायिकेचा शोक रसिकांच्या बैठकींत गाइला जाई. ज्या कुलस्त्रीचा तो शोक, तिला त्या बैठकींत जागा नसे. मराठी विरहिणी शतकानुशतकें बोलत आली, ती दुसऱ्याच्या तोंडानें.

पत्रलेखनाची आपली परंपराही याच वळणाची होती. यादवांचा प्रधान हेमाद्रि याच्या नांवावर परंपरेनें मोडी लिपीबरोबरच पत्रांचे मायने ठरवून देणारें ‘मेस्तक’ही घातलें जातें. त्या पद्धतींत प्रत्येक नात्यास आणि प्रत्येक दर्जास आपापला मायना आहे. वडील ते तीर्थरूप, धाकटे ते चिरंजीव, सन्मान्य गृहस्थ ते राजमान्य राजश्री. सवाष्ण ती वज्रचुडेमंडित, विधवा ती गंगाभागीरथी. हे शब्द कानांस गोड लागतात आणि त्यांच्यांत एक प्रकारची भारदस्ती आहे. परंतु त्यांतून व्यक्तीपेक्षां तिचें स्थान पुढें येतें. स्त्रीचें स्थान तर हातांत चुडा आहे कीं नाहीं एवढ्यावरूनच ठरतें. केवळ आपल्या आवडत्या माणसास, बरोबरीच्या नात्यानें लिहावयाचें झाल्यास कोणता मायना घालावा, याची तरतूद त्या व्यवस्थेंत नव्हती. जेथें हांक मारावयास शब्द नाहीं, तेथें पुढचा मजकूर सुचावा कसा?

त्यांतच लिपीची अडचण होती. पुरुषांचा सारा कारभार मोडींत चाले. ज्या थोड्या स्त्रियांना वाचतां येई, त्यांची ओळख पोथीपुराणामुळें बाळबोध अक्षराशीं असे. नवऱ्याचें मोडींतलें पत्र घरीं आलें म्हणजे तें सासऱ्यांनीं किंवा दिरांनीं वाचावयाचें, आणि माजघराच्या दाराआड उभें राहून तिनें ऐकावयाचें. तिच्या वांट्याचें वाक्य बहुधा शेवटीं येई: मुलांमाणसांस सांभाळावें, प्रकृतीस जपावें. लिहिणाराही हें पत्र चारचौघांत वाचलें जाणार असें धरूनच लिही. १९०१ च्या खानेसुमारींत हिंदुस्थानांतील दर हजार स्त्रियांमागें साक्षर स्त्रिया अवघ्या सात भरल्या. उरलेल्या नऊशें त्र्याण्णव जणींच्या बाबतींत पत्र म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनीं पाहावयाची वस्तु होती.

टपालानें या स्थितींत थोडा पालट केला. १ जुलै १८७९ रोजीं इंग्रजी मुलुखांत पोस्टकार्ड निघालें, त्याची किंमत एक पैसा. या एका पैशानें खुशाली घरोघर पोंचविली. पण कार्ड उघडें. टपालवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत कोणींही वाचावें. मनांतलें लिहावयाचें तर बंद लिफाफा हवा, आणि त्यास अर्धा आणा, म्हणजे दुप्पट पैसे, पडत. प्रेमपत्राचा इतिहास हा पुष्कळ अंशीं या दुसऱ्या पैशाचा इतिहास आहे. त्या एका जादा पैशानें जें विकत मिळे तें एकांत होतें.

या वाटेवरचीं पहिलीं पाउलें एकोणिसाव्या शतकांतलीं आहेत. सावित्रीबाई फुले यांनीं जोतीरावांस लिहिलेलीं तीन पत्रें उपलब्ध आहेत. १८५६ व १८६८ मधील पत्रें नायगांवाहून लिहिलेलीं आणि १८७७ मधील ओतूरहून. पहिल्या पत्राच्या वेळीं त्या आजारपणामुळें माहेरीं होत्या, तिसऱ्याच्या वेळीं दुष्काळपीडितांच्या साहाय्याच्या कामांत. या पत्रांत प्रेमाचे उद्गार शोधावयास जाणाऱ्याची निराशा होईल. भावानें आपल्या कार्याची निंदा केली असतां त्यास आपण काय सुनावलें, हें पहिल्या पत्रांत आहे. दुसऱ्यांत एक ब्राह्मण तरुण आणि एक महार मुलगी यांच्या प्रेमाची हकीकत आहे: गांवकरी त्या दोघांना मारावयास निघाले असतां सावित्रीबाई मध्यें पडल्या, कायद्याचा धाक घालून त्यांचे प्राण वांचविले आणि त्यांस जोतीरावांकडे पाठविण्याची व्यवस्था केली. पत्नी पतीस पत्र लिहिते, आणि त्यांत दुसऱ्या दोन जिवांच्या प्रीतीला आसरा देण्याची गोष्ट सांगते. आपला पति तो आसरा देईल याविषयीं तिच्या मनांत तिळमात्र शंका नाहीं. या विश्वासाहून अधिक मोठा प्रेमाचा उद्गार कोणता असूं शकेल? दूर असल्यामुळें हें सारें कागदावर आलें. त्या दोघीं दोघे एकाच घरीं असते, तर ती हकीकत संध्याकाळच्या बोलण्यांत निघून गेली असती.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक कष्टदायक आहे. त्यांचे पति गोपाळराव हे टपालखात्यांतच नोकरीस होते. पत्नीला शिकविण्याचा त्यांना ध्यास होता, परंतु त्या ध्यासांत हुकुमतीचा भाग मोठा होता. १८८३ च्या एप्रिलमध्यें आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्याच अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. मार्च १८८६ मध्यें त्या पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्यें पुण्यास वारल्या. त्यांचीं पत्रें काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेल्या चरित्रामुळें वाचकांपुढें आलीं. गोपाळराव दुरूनही संशय घेत, टोंचून लिहीत. आणि आनंदीबाई नम्रपणें पण न डगमगतां त्यांस उत्तर देत. लहानपणीं आपणांस मिळालेल्या माराची आठवणही त्यांनीं पतीस पत्रांतून स्वच्छ शब्दांत करून दिली आहे. त्याच पत्रांत कृतज्ञता आहे, काळजी आहे, आणि मायाही आहे. कल्याणच्या किंवा कलकत्त्याच्या घरांत, समोरासमोर, हें वाक्य त्यांच्या तोंडून निघालें असतें असें मला वाटत नाहीं. सात समुद्रांचें अंतर मध्यें पडलें, तेव्हां त्या बोलूं शकल्या. गुरूनें शिकविलेली लेखणी शिष्येनें गुरूसच न्याय विचारण्यासाठीं उचलली, आणि तरीही नातें तुटूं दिलें नाहीं.

पुढच्या पिढींतील दोन टिळकांचीं घरें याच संदर्भांत शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगांत होते. तेथून त्यांनीं घरीं पाठविलेलीं जीं पत्रें प्रसिद्ध आहेत, तीं भाचे धोंडोपंत विद्वांस यांच्या नांवचीं आहेत. घरचा सारा कारभार आणि सर्वांची विचारपूस त्यांच्याच मार्फत होई. सत्यभामाबाई १९१२ सालीं वारल्या, तेव्हां पति समुद्रापलीकडे कोठडींत होते. येथें प्रेमाची उणीव कोण काढील? परंतु त्या पिढीच्या शिष्टाचारांत पतिपत्नींमधील शब्दांस स्वतंत्र वाट नव्हती. ते घरच्या कर्त्या पुरुषाच्या पत्रांतून वळसा घेऊन जात. उलट नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाई सुमारें पांच वर्षें त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. तो वियोग त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत सांगितला आहे. १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या त्या ग्रंथाचा अतिशय हृदयंगम भाग याच वर्षांचा आहे. शाळेचें तोंड न पाहिलेली ही स्त्री मराठी गद्याची एक मोठी लेखिका झाली, त्याची तयारी एकटेपणांतच झाली होती.

पहिल्या महायुद्धानें विरह हा सुशिक्षितांपुरता राहूं दिला नाहीं. मराठा पलटणींतले शिपाई मेसोपोटेमियांत गेले, हिंदी फौज फ्रान्सांत लढली, आणि खेड्यापाड्यांतून समुद्रापलीकडे पत्रें जाऊं येऊं लागलीं. निरक्षर शिपायाचें पत्र पलटणींतला लिहितां येणारा सोबती लिही. फ्रान्समध्यें बूलोन येथें बसविलेली सरकारी तपासणी कचेरी तें वाची. गांवीं शाळामास्तर तें बायकोला वाचून दाखवी. अशा तीन चाळणींतून उतरलेल्या पत्रांत प्रेम किती उरावें? तरी तें उरलें. त्या तपासनिसांनीं करून ठेवलेलीं भाषांतरें लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयांत आहेत, आणि हिंदी शिपायाचें मन जाणावयास आज इतिहासकार त्यांच्याकडेच जातात. संशयानें केलेल्या नकला ममतेचा पुरावा होऊन बसल्या, हा दैवाचा खेळच म्हटला पाहिजे.

या सर्व पार्श्वभूमीवर ‘कुसुमानिल’ हा पत्रसंग्रह ठेवला म्हणजे त्याचें महत्त्व ध्यानांत येतें. आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजेच कवि अनिल, यांचा जन्म १९०१ सालीं मूर्तिजापूर येथें झाला. कुसुम जयवंत यांचा १९०४ सालीं अमरावतीस. दोघेंही वऱ्हाडचीं. कुसुम पुण्याच्या हुजूरपागा शाळेंतून १९२१ सालीं मॅट्रिक झाल्या. अनिल तेव्हां फर्ग्युसन कॉलेजांत शिकत होते. पुढें त्यांचें शिक्षण पुण्यास आणि त्यांचें नागपुरास असें चालूं लागलें, आणि १९२२ पासून दोघांमध्यें पत्रें जाऊं लागलीं. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं सरकारनें टपालाचे दर दुप्पट केले. कार्डास अर्धा आणा आणि पाकिटास एक आणा पडूं लागला. विद्यार्थ्यांच्या खिशास तो जड असला पाहिजे. पण पत्रें थांबलीं नाहींत.

या पत्रव्यवहाराचें वेगळेपण काय? पहिली गोष्ट ही, कीं हीं दोघें पतिपत्नी नव्हतीं. घरानें लहानपणीं जुळवून दिलेल्या नात्याचा आधार त्यांच्या शब्दांस नव्हता. तें नातें शब्दांनींच उभारावयाचें होतें. दुसरी ही, कीं दोघेंही विद्यार्थी होतीं. आनंदीबाईंच्या घरांतल्यासारखा एक शिकविणारा आणि एक शिकणारी असा भेद येथें नव्हता. एकानें वाचलेलें दुसऱ्यास सांगावें, एकाच्या मतास दुसऱ्यानें मुरड घालावी, अशी ही बरोबरी होती. तिसरी आणि इतिहासाच्या दृष्टीनें अत्यंत मोलाची गोष्ट ही, कीं येथें दोन्ही बाजूंचीं पत्रें राहिलीं आहेत. सावित्रीबाईंच्या पत्रांत आपण जोतीरावांचें उत्तर कल्पनेनेंच ऐकतों. ‘कुसुमानिल’मध्यें प्रश्नही आहे आणि उत्तरही आहे.

इंग्रजी वाङ्मय शिकलेल्या वाचकास येथें रॉबर्ट ब्राउनिंग आणि एलिझाबेथ बॅरेट यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. १८४५ व १८४६ या दोन वर्षांत त्या दोघांनीं एकमेकांस पांचशें सत्तरांहून अधिक पत्रें लिहिलीं, आणि तीं १८९९ सालीं प्रसिद्ध झालीं. परंतु तीं दोघें लंडनमध्येंच राहत होतीं; त्यांच्या मध्यें बापाची भिंत होती, मुलुखाचें अंतर नव्हतें. आणि विवाह होतांच त्यांचा पत्रव्यवहार संपला, कारण पुढें तीं वेगळीं राहिलींच नाहींत. आमच्या या दोघांची कसोटी अधिक लांबची होती. १९२६ सालीं पदवी घेऊन कुसुम उच्च शिक्षणासाठीं लंडनच्या वेस्टफील्ड कॉलेजांत गेल्या. पुणें आणि नागपूर यांमधलें अंतर आगगाडीचें होतें. मुंबई आणि लंडन यांमधलें आगबोटीचें झालें. विलायतची डाक आठवड्यांतून एकदां सुटे आणि पोंचावयास पंधरवडा घेई. म्हणजे एका प्रश्नाला उत्तर यावयास महिना सहज लोटे. एवढ्या वेळांत माणसाचें मन पालटूं शकतें. तें पालटलें नाहीं. १९२९ सालीं त्या इंग्रजीची पदवी घेऊन परत आल्या आणि त्याच वर्षीं दोघांचा विवाह झाला. लंडन व कराची यांमधील विमानाची डाकही त्याच वर्षीं सुरू झाली; या दोघांस तिची गरज उरली नव्हती.

पुढचा इतिहास मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. अनिलांचा ‘फुलवात’ हा पहिला काव्यसंग्रह १९३२ सालीं निघाला. कुसुमावती देशपांडे नागपुरास इंग्रजीच्या प्राध्यापिका झाल्या, कथालेखिका आणि मर्मज्ञ टीकाकार म्हणून मान्यता पावल्या. १९५८ सालीं मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष अनिल होते. १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष कुसुमावती झाल्या. १८७८ सालीं पुण्यास सुरू झालेल्या या परंपरेंत तें स्थान प्रथमच एका स्त्रीस मिळालें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत त्या वारल्या. त्यानंतर अकरा वर्षांनीं, १९७२ सालीं, हीं पत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. ग्रंथाचें नांव दोघांच्या नांवांचा संधि करून बनविलेलें आहे, आणि त्यांत तिचें नांव आधीं आहे. ज्या भाषेंत स्त्रीला मायना तिच्या चुड्यावरून मिळत असे, त्या भाषेंत हें घडलें. वियोगांत लिहितां लिहितां जी स्त्री बरोबरीनें बोलावयास शिकली, ती पुढें साऱ्या मराठी साहित्यिकांपुढें अध्यक्ष म्हणून बोलली. या दोन गोष्टींत मला एक धागा दिसतो.

आतां नकाशाकडे पाहूं. मूर्तिजापूर आणि मुखेड हीं दोन गांवें जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. मुखेडहून सरळ उत्तरेस सुमारें दीडशें मैल गेलें कीं मूर्तिजापूर लागतें. आणि कायद्याच्या कागदांत तर हीं दोन्ही गांवें एकाच राजाचीं होतीं. वऱ्हाड हा निजामाचाच प्रांत; १८५३ सालीं तो इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला आणि १९०२ सालीं कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडे राहिला. पैनगंगेच्या पलीकडे इंग्रजी कारभार, अलीकडे निजामी. अनिल आणि कुसुम यांचीं जन्मगांवें पलीकडे पडलीं. तेथें मराठी शाळा आल्या, मुलींना शिकण्याची वाट मोकळी झाली, आणि पुणें व नागपूर येथील कॉलेजें टप्प्यांत आलीं. अलीकडे, कंधार, देगलूर, उदगीर आणि अहमदपूर यांच्या मधोमध वसलेल्या मुखेडांत, दरबारची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देणारा तो मोठा प्रयोग होता, पण ती भाषा मराठी शेतकऱ्याच्या मुलीची नव्हती. आगगाडी शतकाच्या आरंभीं नांदेडावरून गेली, १९११ सालीं बार्शी लाइट रेल्वे लातुरास पोंचली. मुखेड दोहोंच्या मध्यें राहिलें.

टपाल मात्र निजामाचें स्वतःचें होतें. १८६९ पासून त्याचीं तिकिटें निघत. १८७१ सालच्या तिकिटावर फारशी, इंग्रजी आणि तेलुगू यांच्या जोडीस मराठी अक्षरेंही होतीं. म्हणजे सरकारनें तिकिटावर मराठी छापली. तें तिकीट लावून मराठींत पत्र लिहिणारी मुलगी घडविणारी शाळा मात्र फार उशिरां दिली. शिवाय हीं तिकिटें संस्थानच्या हद्दीपुरतींच चालत. पुण्यास किंवा अमरावतीस पत्र धाडावयाचें तर तीं निरुपयोगी. सप्टेंबर १९४८ मध्यें निजामी राजवट संपली आणि १९५० सालीं हें टपालखातें भारताच्या टपालांत विलीन झालें. पुणें आणि नागपूर यांमध्यें ‘कुसुमानिल’चीं पाकिटें फिरत होतीं, तेव्हां या भागांतील स्त्रीचें मन ज्या वाटेनें जाई ती वाट टपालकचेरीवरून जात नव्हती.

याच भागाच्या शेजारीं, बिदर जिल्ह्यांत जलसंगी येथें, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचें एक मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर लेखणीनें अक्षरें कोरणारी एक सुंदरी शिल्पकारानें घडविली आहे. ती काय लिहिते? सहाव्या विक्रमादित्याची स्तुति. नऊशें वर्षांपूर्वीं दगडांत स्त्रीच्या हातीं लेखणी दिली गेली, पण मजकूर राजाचा होता.

मग येथील स्त्री मुकी होती काय? नव्हती. तिचें पत्र जात्यावर लिहिलें जात होतें. पहांटेच्या अंधारांत, दोघी जणी जात्याच्या खुंट्यास हात घालून बसल्या म्हणजे जी ओवी निघे, ती कोणा शाहिरानें तिच्या तोंडीं घातलेली नसे. साने गुरुजींनीं ‘स्त्रीजीवन’मध्यें अशा ओव्या गोळा केल्या, पुढें हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनीं गांवोगांवच्या बायकांकडून मिळविलेल्या ओव्यांची संख्या लाखावर गेली, आणि त्यांत मराठवाड्याचा वांटा मोठा आहे. या ओव्यांत माहेर आहे, भाऊराया आहे, विठ्ठल आहे. पति फार कमी वेळां येतो, आणि आला तरी थेट नांवानें येत नाहीं. तो कंथ असतो, भ्रतार असतो. पतिपत्नींचा रुसवा सांगावयाचा असला म्हणजे ती रुक्मिणी दिंडीरवनांत कशी रुसून बसली तें सांगते. लाज आणि मर्यादा राखून मन मोकळें करण्याची ही केवढी कुशल युक्ति!

लावणी, ओवी आणि पत्र या तीन वाटा अशा रीतीनें आपल्यापुढें येतात. लावणींत विरह स्त्रीचा, पण वाणी परक्याची. ओवींत विरहही तिचा आणि वाणीही तिची. तिला पाटी लागत नाहीं, तिकीट लागत नाहीं, कोणी तपासनीस तिला अडवूं शकत नाहीं. परंतु ओवीस एक मोठी उणीव आहे. ती ज्याच्यासाठीं म्हटली त्याच्या कानीं ती पडत नाहीं. तो परगांवीं असतो, किंवा त्याच घरांत झोंपलेला असतो. जातें थांबतें, पीठ भरलें जातें आणि शब्द हवेंत विरतात. ओवीला उत्तर येत नाहीं. पत्रानें स्त्रीला जें दिलें तें उत्तर मिळण्याचा हक्क हें होय. सावित्रीबाईंस तें मिळत असे, आनंदीबाईंनीं तें झगडून मिळविलें, कुसुमावतींनीं तें बरोबरीच्या नात्यानें घेतलें आणि दिलें. मुखेडच्या जात्यावर बसलेल्या त्यांच्या समवयस्क स्त्रीपाशीं प्रेम कमी नव्हतें, शब्दही कमी नव्हते. तिला उत्तर देणारें कोणी नव्हतें, एवढेंच.

आज पत्रांचा काळ सरला आहे. सरकारी तार २०१३ सालीं बंद झाली; मराठवाड्यांतून ऊसतोडीस किंवा बांधकामाच्या मजुरीस गेलेला माणूस घरीं दूरध्वनीवरून बोलतो, आणि घरची स्त्री त्याला तेथल्या तेथें उत्तर देते. हें फार चांगलें झालें. जुन्या दुराव्याची हौस कोणीं धरूं नये. परंतु बोललेलें राहत नाहीं. स्वातंत्र्यानंतर या भागांत मराठी शाळा निघाल्या, मुली लिहूं लागल्या, आणि नोकरीसाठीं, शिक्षणासाठीं दूर गेलेल्या माणसांना त्यांनीं पत्रें लिहिलीं. मोडक्या बाळबोध अक्षरांत, आंतरदेशीय पत्राच्या निळ्या कागदावर लिहिलेलीं तीं पत्रें अजून कोठेंकोठें घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत, लुगड्यांच्या घडींत आहेत. म्हातारी गेली कीं पेटी उघडते, दागिना वाटून घेतला जातो, सातबाराचा उतारा जपून ठेवला जातो, आणि ‘हें काय खाजगी’ म्हणून तो पुडका चुलींत जातो. जमिनीच्या तुकड्याचा कागद ठेवावा आणि माणसाच्या मनाचा जाळावा, हा व्यवहार इतिहासाच्या दृष्टीनें आंधळा आहे. अनिलांसारखें तीं पत्रें छापून काढण्याचें धैर्य प्रत्येकास व्हावें असें मी म्हणत नाहीं. खाजगी तें खाजगीच राहावें. पण जाळण्यापूर्वीं घरांतल्या कोणीं तरी तीं एकदां वाचावींत, तारीख आणि गांव लिहून बांधून ठेवावींत. ज्या मुलुखांतल्या ओवीला शतकानुशतकें उत्तर आलें नाहीं, त्या मुलुखांतल्या पहिल्या पत्रांना एवढें तरी उत्तर आपल्याकडून मिळावयास हवें.